मोटर फिरते, आकडा खोटं बोलतो

यंत्रमानवाला सांगितलेलं असतं, नाकासमोर तीन मीटर जा. तो निघतो, दीड मीटर शहाण्यासारखा जातो आणि मग डावीकडे कलायला लागतो. पुन्हा तोच हुकूम दिला की बरोबर जातो. तिसऱ्यांदा जागेवरच गरागरा फिरतो. नांदेड-लातूरकडच्या महाविद्यालयीन कार्यशाळेत अशा वेळी पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "एन्कोडर गेला की रे." दुसरा लगेच पुष्टी देतो, "मोटर फिरायली, पण काउंटच येईना गेलाय." मग पुण्याला फोन जातो, नवी मोटर एन्कोडरसकट मागवली जाते, ट्रॅव्हल्सच्या पार्सलची वाट पाहण्यात दोन दिवस जातात. पार्सल येतं, नवी मोटर बसते, आणि यंत्रमानव पुन्हा दीड मीटरवर डावीकडे कलतो.

यंत्रमानवाच्या मोटरवरचा एन्कोडर हा बहुतेक वेळा नाहक आरोपी असतो. दोष आकड्यात दिसतो म्हणून आकडा देणाऱ्याला धरलं जातं. खरा दोषी तारेत, कनेक्टरमध्ये, विजेच्या पुरवठ्यात, प्रोग्रॅममध्ये, नाहीतर खुद्द गिअरबॉक्सच्या दातांत दडलेला असतो. त्याला हुडकून काढण्याची एक शिस्त आहे. पुस्तकात ती अर्ध्या पानात आटोपते, पण अंगी बाणायला वर्षं लागतात.

मोटरच्या पाठीवरचा साक्षीदार

एन्कोडरचं काम एकच, शाफ्ट किती फिरला आणि कुठल्या बाजूला फिरला याची साक्ष देणं. मोटरच्या पुढच्या टोकाला गिअरबॉक्स असतो आणि त्यावर चाक. मागच्या टोकाला, त्याच शाफ्टवर, एक छोटी चकती बसवलेली असते. प्रकाशावर चालणाऱ्या एन्कोडरमध्ये या चकतीला बारीक खाचा असतात. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारे सेन्सर. स्वस्त मोटरांमध्ये खाचांऐवजी चुंबकाची चकती असते आणि सेन्सर हॉल जातीचा. एडविन हॉलने 1879 मध्ये विद्युतप्रवाहावर चुंबकाचा जो परिणाम नोंदवला, त्याच तत्त्वावर तो चालतो.

सेन्सर दोन असतात, ए आणि बी. एक सेन्सर नुसतं सांगेल की काहीतरी सरकलं. दिशा कळण्यासाठी दुसरा लागतो. तो पाव आवर्तनाने मागे-पुढे बसवलेला असतो. ए आधी उठला तर शाफ्ट पुढे, बी आधी उठला तर मागे. दोघांच्या मिळून चार अवस्था होतात, 00, 01, 11, 10, आणि पुन्हा 00. एका पायरीवरून दुसरीवर जाताना एकच अंक बदलतो. या मांडणीला ग्रे कोड म्हणतात. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्रँक ग्रे यांना तिचं पेटंट 1953 मध्ये मिळालं. दोन्ही अंक एकदम बदललेले दिसले, म्हणजे 00 वरून थेट 11, तर मधली एक पायरी कुणाच्या तरी नजरेतून सुटली हे नक्की. हा बारकावा पुढे फार कामाला येतो.

आता हिशोब. हॉलवाल्या मोटरचा चुंबक एका फेरीत 7 पल्स देतो असं धरू. दोन्ही सेन्सरची प्रत्येक चढ-उतार, म्हणजे एकेक काउंट, मोजली तर 7 चोक 28. पुढे 1:20 चा गिअरबॉक्स असेल तर चाकाच्या एका फेरीला 560 काउंट. कागदावर हे सोपं आहे. पण गिअरबॉक्सवर 20 छापलेलं आणि आतल्या दातांचा हिशोब 19.2 चा, असं निघू शकतं. मग खरे काउंट 537.6 होतात. चार टक्क्यांचा हा फरक तीन मीटरच्या वाटेवर बारा सेंटिमीटरची चूक करतो. इथे एन्कोडर निर्दोष, मोटर निर्दोष, तारा निर्दोष. चुकलेली असते ती आपली समजूत.

गोविंदा ते लगोरी

हे सगळं इकडच्या मुलांच्या हातात आलं त्यात रोबोकॉन स्पर्धेचा मोठा वाटा आहे. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ही स्पर्धा 2002 मध्ये टोकियोत सुरू झाली. आपल्याकडे तिचं यजमानपद दूरदर्शनकडे असतं. दर वर्षी विषय यजमान देश ठरवतो, पुष्कळदा आपल्या परंपरेतला. 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा विषय होता 'गोविंदा', म्हणजे यंत्रमानवांची दहीहंडी. 2014 मध्ये ती पुन्हा पुण्यात भरली. 2022 मध्ये दिल्लीत विषय होता 'लगोरी': एका यंत्रमानवाने चेंडू मारून लगोरी फोडायची आणि दुसऱ्याने ती रचायची. गल्लीत लगोरी खेळलेल्या मुलाला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. यंत्रमानवाला मात्र मिलिमीटरमध्ये समजावून द्यावा लागतो, आणि ती समज एन्कोडरच्या आकड्यांवर उभी असते.

भारतातली राष्ट्रीय फेरी अनेक वर्षं पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात व्हायची, पुढे ती दिल्लीला गेली. पुण्या-मुंबईच्या संघांना सुटे भाग हाकेच्या अंतरावर मिळतात. नांदेडहून पुणं साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, लातूरहून सव्वातीनशेच्या. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था 1981 पासून आहे, लातूरला बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 पासून. दोन्ही शहरांत तंत्रनिकेतनं आहेत, आयटीआय आहेत. मुलं हुशार आहेत, हात चालतात. पण पोटमाळ्यावर चार जादा मोटरा ठेवण्याची चैन इथे परवडत नाही. त्यामुळे 'बदलून बघू' हा शहरी उपाय इथे महाग पडतो. आधी दोष शोधा, मग भाग मागवा, हा क्रम गरजेतून येतो. टंचाईचा हा एक फायदा इकडच्या कार्यशाळांनी ओळखायला हवा.

हाताने फिरवा

शोध सुरू होतो तो वीज बंद करून नव्हे, मोटरची वीज तोडून आणि एन्कोडरची चालू ठेवून. चाकावर रंगाची एक खूण करायची, तशीच एक चौकटीवर. दोन्ही खुणा जुळवून आकडा शून्य करायचा आणि चाक हाताने सावकाश दहा फेऱ्या पुढे फिरवायचं. ग्रहमाला पद्धतीचा, म्हणजे प्लॅनेटरी गिअरबॉक्स हाताने उलटा फिरतो. वर्म गिअर असेल तर फिरणार नाही, तिथे मोटरचा मागचा शाफ्ट फिरवावा लागतो. वरच्या हिशोबाने आकडा 5600 यायला हवा. मग दहा फेऱ्या उलट. आकडा शून्यावर परतायला हवा.

या साध्या कसोटीतून अर्धं निदान होतं. आकडा दर वेळी 5376 येतो आणि परत शून्यावर जातो? मग गिअरचं प्रमाण चुकीचं धरलं आहे. दर वेळी 2800 येतो? प्रोग्रॅम निम्म्याच कडा, म्हणजे चढ-उतार, मोजतो आहे. दर वेळी वेगळा येतो आणि शून्यावर परतत नाही? आता सेन्सर, तार किंवा चकतीकडे वळायचं. ठरावीक प्रमाणातली चूक समजुतीची असते, लहरी चूक वस्तूची असते. हा एक नियम पाठ असला तरी कितीतरी पार्सलं वाचतील.

एकच सेन्सर मेला असेल तर त्याच्या खुणा वेगळ्या. चारही अवस्था मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आकडा एक वर, एक खाली असा जागीच थरथरत राहतो. नवशिकी मुलं बहुधा दुसऱ्या पद्धतीने लिहितात: ए उठला की बीकडे बघायचं आणि दिशा ठरवायची. तिथे ए मेला तर आकडा हलतच नाही. बी मेला तर आकडा एकाच बाजूला पळतो. चाक दहा फेऱ्या पुढे आणि दहा मागे फिरवलं की शून्याऐवजी वीस फेऱ्यांचा आकडा समोर येतो. हे दिसलं की मल्टिमीटर फक्त बीच्या तारेवर लावायचा. चाक हळूहळू फिरवताना व्होल्ट शून्य ते पाच असे वरखाली व्हायला हवेत.

आणि ए-बीच्या तारा उलट लागल्या असतील तर? मग नियंत्रक, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा बोर्ड, म्हणतो पुढे जा, चाक पुढे जातं, पण एन्कोडर सांगतो मागे चाललोय. नियंत्रक घाबरून आणखी जोर लावतो, साक्ष आणखी उलटी येते, आणि क्षणात मोटर पूर्ण वेगाने सुटते. टेबलावरचा यंत्रमानव जमिनीवर येतो तो बहुधा असा. म्हणून पहिली चाचणी नेहमी चाकं अधांतरी ठेवून करायची आणि एकाचा हात आणीबाणीच्या बटणावर हवा. उपाय एका मिनिटाचा आहे: ए-बी अदलाबदल करा किंवा मोटरच्या दोन तारा. दोन्ही बदलल्या तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आरोपी बदलून पाहणे

हाताने सगळं ठीक आणि मोटर चालवली की बिघाड, असं असेल तर चार मोटरांच्या यंत्रमानवात एक फुकटची कसोटी आहे. बिघडलेल्या मोटरची एन्कोडर-तार शेजारच्या मोटरच्या जागी लावायची आणि शेजारची इकडे. दोष मोटरबरोबर गेला तर तो मोटरच्या बाजूला, जागेवरच राहिला तर तो नियंत्रकाच्या बाजूला. मग तीच अदलाबदल फक्त तारेची करायची. तीन अदलाबदलींत मोटर, तार आणि बोर्ड यांतला एक उरतो. त्यासाठी नवा भाग लागत नाही, वही आणि पेन्सिल तेवढी लागते, कारण रात्री दोन वाजता कुठली तार कुठे गेली हे कुणाच्याही लक्षात राहत नाही.

तारेची अदलाबदल करताना रंगांवर भरवसा ठेवू नये. एका पुरवठादाराकडे निळी तार पाच व्होल्टची, दुसऱ्याकडे तीच सेन्सरची. सहा तारांच्या छोट्या कनेक्टरमध्ये मोटरच्या आणि सेन्सरच्या तारा शेजारी शेजारी असतात. उलटा घातला की बारा किंवा चोवीस व्होल्ट थेट हॉल सेन्सरवर जातात. असा एन्कोडर मात्र खरोखर जातो.

मोटर चालू झाली की

ब्रशवाली मोटर हा गोंगाटाचा कारखाना आहे. ब्रशपाशी ठिणग्या उडतात, मोटरला वीज देणारा ड्रायव्हर सेकंदाला हजारो वेळा ती चालू-बंद करतो, आणि मोटरच्या तारांसोबत एकाच पट्ट्याने बांधलेली एन्कोडरची बारीक तार हे सगळं ऐकत असते. परिणामी खोटे पल्स मोजले जातात. ओळखायचं कसं? प्रोग्रॅममध्ये एक वेगळा मोजणीदार ठेवायचा, 00 वरून थेट 11 अशा अशक्य उड्या मोजणारा. मोटर बंद असताना तो शून्यावर आणि मोटर चालू होताच वाढायला लागला, तर पहिला संशय गोंगाटावर. उपाय जुनेच आहेत. एन्कोडरच्या तारा पिळून घ्या, मोटरच्या तारांपासून दूर न्या, मोटरच्या टोकांवर 0.1 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर सोल्डर करा. अंतर जास्त असेल तर प्रत्येक सिग्नलसोबत त्याची उलटी प्रत पाठवणारा डिफरन्शियल एन्कोडर घ्या. दोन्ही तारांवर सारखाच गोंगाट येतो, वजाबाकीत तो नाहीसा होतो.

दुसरी तक्रार ग्राउंडची. मोटरचा परतीचा प्रवाह आणि सेन्सरचा ग्राउंड एकाच बारीक तारेने नेला की अडकलेली मोटर वीस अँपिअर ओढते तेव्हा 0.02 ओहमच्या सामाईक तारेवरही 0.4 व्होल्ट पडतात. सेन्सरचं शून्य आणि बोर्डाचं शून्य वेगळं होतं. पाच व्होल्टचा पुरवठाही मोटर थांबलेली असताना मोजून उपयोग नाही. भार पडल्यावर मोजायचा, आणि तोही बोर्डपाशी न मोजता तारेच्या दुसऱ्या टोकाला, सेन्सरपाशी.

तिसरी तक्रार बोर्डाची. कुणीतरी हौसेने फेरीला 500 पल्सचा महागडा एन्कोडर आणतो आणि तो साध्या अर्डुइनोला जोडतो. चार पटीने 2000 काउंट. मोटर मिनिटाला 6000 फेऱ्यांनी फिरते, म्हणजे सेकंदाला 100. सेकंदाला दोन लाख कडा झाल्या. 16 मेगाहर्ट्झच्या त्या चिपला प्रत्येक कडेसाठी 80 ठोके मिळतात. तेवढ्यात काम टाकून धावायचं, दोन्ही सेन्सर वाचायचे, बेरीज करायची आणि परत यायचं हे जमत नाही. आकडे गळतात. आणि दोष कुणाला? महागड्या एन्कोडरला. हळू फिरवलं की बरोबर आणि जोरात फिरवलं की कमी, हे लक्षण दिसलं की आधी बोर्डाची ऐपत तपासावी. एन्कोडर मोजण्याची सोय चिपमध्येच असलेले एसटीएम32 सारखे बोर्ड हे काम न दमता करतात. स्वस्त सेन्सरमध्ये वेगाबरोबर गळती होण्याचं आणखी एक कारण असतं. सिग्नल वर खेचणारा पुल-अप रेझिस्टर फार मोठा असला तर लांब तारेवर सिग्नल सावकाश चढतो, आणि चढायच्या आत पुन्हा उतरण्याची वेळ येते.

साक्ष खरी, चाक खोटं

कधी एन्कोडर बोर्डाला अगदी बरोबर सांगत असतो आणि तरीही यंत्रमानव चुकीच्या जागी असतो. कारण एन्कोडर मोटरच्या पाठीवर आहे, चाक गिअरबॉक्सच्या पुढे. मधल्या दातांचं काय झालं याची त्याला गंधवार्ता नसते. चाक शाफ्टवर आवळणारा ग्रब स्क्रू सैल झाला, किल्ली निसटली, प्लॅनेटरीतला एक दात तुटला, तर मोटर फिरते, काउंट चोख येतात आणि चाक मध्येच घसरतं. रंगाची खूण आता इथे कामाला येते. मोटर चालवून चाक बरोबर दहा फेऱ्यांच्या काउंटवर थांबवायचं. खूण खुणेला जुळली नाही तर दोष दातांत किंवा स्क्रूत. याच्या उलट, चकतीचाच स्क्रू सैल असेल तर चाक बरोबर फिरतं आणि काउंट कमी पडतात.

दातांमधली मोकळीक, बॅकलॅश, हा तर दोषही नाही, स्वभाव आहे. गिअरबॉक्समध्ये एक अंशाची मोकळीक असली तर अर्ध्या मीटरच्या हाताच्या टोकाला ती जवळपास नऊ मिलिमीटर होते. लगोरीवर लगोरी ठेवताना नऊ मिलिमीटर म्हणजे रचना कोसळलीच. म्हणून जाणते संघ दुहेरी साक्ष घेतात. एक एन्कोडर मोटरवर, दुसरा जमिनीला टेकून मोकळ्या फिरणाऱ्या छोट्या चाकावर. दोन्हींचे आकडे पटले नाहीत तर चाक घसरलं की दात, एवढंच शोधायचं उरतं.

गिअरबॉक्सचं ग्रीस हाही मराठवाड्याच्या उन्हाळ्यातला एक प्रश्न आहे. बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत, पत्र्याच्या शेडखाली, तापलेल्या मोटरमध्ये ग्रीस पातळ होतं. सील कच्चं असलं तर ते शाफ्टवरून मागे सरकतं. प्रकाशावर चालणाऱ्या चकतीवर त्याचा ओघळ आला आणि त्यावर काळ्या मातीची धूळ बसली की काही खाचा आंधळ्या होतात. मग दर फेरीला त्याच जागी तेवढेच पल्स गायब. ज्या एन्कोडरमध्ये फेरीला एकदा येणारा तिसरा, झेड, पल्स असतो तिथे दोन झेडमधले काउंट मोजले की हे लगेच उघड होतं. डाळ मिल किंवा जिनिंगसारख्या धुळीच्या जागी उघड्या प्रकाश-चकतीपेक्षा चुंबकाचा एन्कोडर बरा, तो याच कारणाने.

अर्धमेला दोष

मुका साक्षीदार परवडतो, कधी खरं कधी खोटं बोलणारा परवडत नाही. पूर्ण मेलेला एन्कोडर पाच मिनिटांत सापडतो. क्रिम्पमध्ये तीन धाग्यांवर लटकलेली तार आठवडा खाते, कारण ती टेबलावर नीट चालते आणि मैदानावर धक्का बसला की सुटते.

अशा दोषाला बरं करायला जायचं नसतं, आधी त्याला आणखी आजारी करायचं असतं. मोटर एका ठरावीक वेगाने चालू ठेवायची, काउंटचा आलेख पडद्यावर लावायचा आणि तार बोटाबोटाने वाकवत जायचं. कनेक्टर हलवायचा. हेअर ड्रायरने सेन्सरची पाटी तापवायची, मग थंड होऊ द्यायची. गिअरबॉक्सवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारायची. कुठल्या क्षणी आलेख तुटला ते टिपायचं. स्वस्तातला आठ चॅनेलचा लॉजिक अॅनालायझर असेल तर उत्तमच. मनासारखा दोष हुकमी आणता आला की काम झालं. दुरुस्तीनंतर तोच छळ पुन्हा करायचा. नुसतं 'आता चालतंय' म्हणून पेटी बंद केली तर दोष दिल्लीत उघडतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर

महाविद्यालयातून कारखान्यात गेलं की एन्कोडरचा स्वभाव बदलतो. वेल्डिंग करणाऱ्या औद्योगिक यंत्रमानवाच्या प्रत्येक सांध्यात निरपेक्ष एन्कोडर असतो. तो नुसते पल्स मोजत नाही, आपण नेमके कुठे आहोत हे जाणतो. वीज गेल्यावरही ही आठवण टिकावी म्हणून यंत्रमानवाच्या बुडाशी बॅटऱ्या असतात. फानुक कंपनीच्या अनेक यंत्रमानवांत चार मोठे सेल. ते वेळच्या वेळी, आणि नियंत्रकाची वीज चालू ठेवून बदलायचे असतात.

हे न पाळणाऱ्या कारखान्याची परीक्षा दिवाळीत होते. आठवडाभर मुख्य स्विच बंद. सेल आधीच संपत आलेले. भाऊबीज उरकून माणसं कामावर येतात, पॅनेल चालू करतात, आणि पडद्यावर एसआरव्हीओ-062 असा इशारा उभा असतो: बॅटरी शून्य. यंत्रमानवाला आपला हात कुठे आहे हे आठवत नाही. मग प्रत्येक सांधा त्याच्यावर कोरलेल्या खुणेला जुळवून शून्य पुन्हा शिकवायचा. एन्कोडर इथेही बिघडलेला नसतो.

लातूरजवळ हरंगुळला मराठवाडा रेल्वे कोच कारखाना उभा राहिला, तिथे डब्याचा पहिला सांगाडा 25 डिसेंबर 2020 रोजी तयार झाला. पुढे वंदे भारत शयनयान गाड्यांच्या बांधणीसाठी तो निवडला गेला. स्वतःच्या मोटरांवर धावणाऱ्या गाडीत चाकांच्या आसांवर आणि मोटरांवर वेग मोजणारे सेन्सर असतात. दातेरी चकतीसमोर सेन्सर, दात जातो तसा पल्स. चार आसांपैकी एकाचा आकडा बाकीच्यांपासून फुटला की ब्रेकची यंत्रणा चाक घसरतंय असं समजते. ते खरंच घसरतंय, की सेन्सर आणि दातांमधलं अंतर वाढलंय, की कनेक्टरमध्ये पाणी गेलंय? प्रश्न तोच आहे, कार्यशाळेतल्या तीन मीटरच्या वाटेवरचा. फक्त आता त्यावर माणसं बसलेली असतात.

पाठांतराबाहेरचा पेपर

लातूर पॅटर्नने या भागाला परीक्षेत उत्तर देण्याची शिस्त शिकवली आणि तिचा अभिमान रास्त आहे. दोष शोधण्याच्या पेपरात मात्र प्रश्नच छापलेला नसतो. तो आधी आपण मांडायचा, मग चाचणी ठरवायची, आणि चाचणीने आपलंच म्हणणं खोडलं तर ते निमूट मान्य करायचं. याला गुण देणारी प्रात्यक्षिकाची पद्धत आपल्याकडे जवळपास नाही. तोंडी परीक्षेत एन्कोडरची व्याख्या विचारतात. बिघडवलेली मोटर टेबलावर ठेवून 'शोध' म्हणत नाहीत.

हे करायला पैसा लागत नाही. चार जुन्या मोटरा घ्या. एकीचा बी तोडा, दुसरीचा ग्रब स्क्रू सैल करा, तिसरीला चुकीचं प्रमाण लिहा, चौथी अगदी धडधाकट ठेवा. प्रत्येक गटाला मल्टिमीटर, रंगाची पेन्सिल आणि एक वही द्या. काय दिसलं, काय वाटलं, काय तपासलं, काय निघालं, असे चार रकाने. गुण निदानाला द्या, दुरुस्तीला नको. चौथ्या मोटरवर जो गट 'हिच्यात दोष नाही' असं लिहून खाली सही करेल, त्याला सगळ्यांत जास्त गुण द्यावेत. कारखान्याला भाग बदलणारे कुठेही मिळतात. निर्दोष भागाला हात न लावणारा माणूस मात्र मुद्दाम घडवावा लागतो, आणि तो घडवायला नांदेड-लातूरला पुण्याच्या पार्सलची वाट पाहावी लागत नाही.